घरी केलेले संक्रांतीचे भेटकार्ड

संक्रांत जवळ आली, की एके काळी पोस्टमनच्या थैलीत लहान लहान रंगीत कार्डे दिसू लागत. वर पतंग नाहीतर हलव्याचे दागिने, खाली ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’, आणि त्याखाली पाठवणाऱ्याचे नाव. आता तेच शब्द मोबाइलवर येतात. एकाने दहांना पाठवायचे, त्या दहांनी शंभरांना. त्यात वाईट काहीच नाही. तयार शुभेच्छा ही काही आजची टूम नव्हे. तारेच्या काळात शुभेच्छांच्या वाक्यांना क्रमांक ठरलेले असत. आपण क्रमांक सांगायचा, पलीकडे वाक्य पोहोचायचे. ती तारसेवा २०१३ साली बंद झाली. आणि छापील भेटकार्डाची जन्मकथाही तशीच आहे. १८४३ साली लंडनच्या हेन्री कोल या गृहस्थांना नाताळात सगळ्यांना पत्रे लिहायला सवड नव्हती. म्हणून त्यांनी हॉर्स्ली नावाच्या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेऊन त्याची कार्डे छापवली. तेव्हा वेळ वाचवण्याची हौस जुनीच आहे!

पण संक्रांतीचे ते चार शब्द जरा निराळे आहेत. दिवाळीला आपण दुसऱ्याचे सुख चिंततो. संक्रांतीला आपण मागणे मागतो: गोड बोला. म्हणजे वर्षभरात कुठे तरी बोलणे कडू झाले असेल, कुठे थांबलेही असेल, हे आपल्या वाडवडिलांनी धरूनच ठेवले होते. घराच्या वाटणीवरून भावाभावांत अबोला असतो. लग्नातल्या मानपानावरून नणंद-भावजयीचे येणेजाणे बंद झालेले असते. अशा ठिकाणी फोन करावा, तर तो उचलला नाही की मन आणखी दुखावते. मोबाइलवर निरोप धाडावा, तर तो वाचून उत्तर आले नाही हे लगेच दिसते. कार्डाचे तसे नाही. ते मुकाट्याने घरात जाते, कपाटावर बसते, आणि समोरच्याला हवा तितका वेळ देते. म्हणून या वर्षी सगळ्यांना नको, पण अशा एका माणसासाठी तरी घरी कार्ड करा, असे मला सुचवायचे आहे.

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला चित्रकला कुठे येते? ती येण्याची गरजच नाही. ठसा आणि रंगीत कागद ही दोन साधने हाती असली म्हणजे झाले.

प्रथम कागद. नेहमीच्या ए-फोर मापाचा जाडसर पांढरा कागद घ्या. तो आडवा मधोमध कापला, की दोन कार्डांचे कागद होतात. प्रत्येकाची घडी घातली म्हणजे सुमारे १५ सेंटिमीटर लांब आणि साडेदहा रुंद असे कार्ड तयार. जाड कागदाची घडी कधी कधी फाटल्यासारखी खरखरीत येते. कागदाला लाकडासारखा धागा असतो, हे त्याचे कारण. कागद न मोडता दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहा; ज्या बाजूने तो कमी अडतो, त्या बाजूची घडी सुबक बसते. दुसऱ्या बाजूने घालायचीच झाली, तर पट्टी ठेवून संपलेल्या बॉलपेनने आधी एक रेघ दाबून घ्यावी.

आता ठसा. त्यासाठी मऊ, चपटे खोडरबर उत्तम. चित्र अगदी साधे असावे: पतंग, सुगड, उसाचे कांडे. ते खोडरबरावर थेट काढू नका. पातळ कागदावर मऊ पेन्सिलीने ठळक काढा, कागद खोडरबरावर पालथा घाला आणि नखाने मागून घासा. चित्र उलटे उमटते, आणि छापताना ते पुन्हा सुलटे होते. अक्षरांच्या बाबतीत तर हे विसरून चालणारच नाही. मग रेघेच्या बाहेरचा भाग ब्लेडने दोन-तीन मिलिमीटर खोल काढून टाका. ब्लेड रेघेपासून बाहेरच्या अंगाला तिरपे धरा, म्हणजे ठशाचा पाया रुंद राहतो आणि कड दबत नाही. वळणावर ब्लेड न फिरवता खोडरबर फिरवावे. हे काम मोठ्या माणसाने करावे. मुलांना भेंडीचा आडवा काप द्या. त्याचे पाच पाकळ्यांचे फूल होते. काडेपेटीतल्या काडीचे टोक शाईत बुडवून टेकवले, की झाला तीळ!

शाईची गादी बाजारात मिळते. घरी करायची तर डबीच्या झाकणात ओलसर स्पंजचा तुकडा बसवून त्यावर पोस्टर रंग पसरावा. ठसा गादीवर घासू नये, दोन-चार वेळा टेकवावा. कार्डाखाली जुन्या वर्तमानपत्राची घडी ठेवावी. त्यामुळे दाब सारखा पडतो. ठसा सरळ खाली टेकवावा आणि सरळ वर उचलावा. डुलवला की कडेला डाग पडतो. पहिले दोन-तीन ठसे रद्दी कागदावर उमटवावेत. रंग दोन असतील, तर आधी फिका, मग गडद. आणि मध्ये ठसा ओल्या फडक्याने पुसून कोरडा करावा.

रंगीत कागदाबद्दल एक सूचना. घोटीव कागद गुळगुळीत असल्यामुळे त्यावर शाई लवकर वाळत नाही, हाताला लागते. हिरव्या कागदावर तांबडी शाई मळकट दिसते. तेव्हा ठसा पांढऱ्या किंवा फिकट पिवळ्या तुकड्यावर उमटवावा आणि तो तुकडा रंगीत कागदावर चिकटवावा. त्याच्याभोवती रंगाची बोटभर कड राहिली, की चित्राला चौकट मिळते. डिंक पातळ हवा. तो मधून कडेकडे लावावा, आणि कार्ड रात्रभर जड पुस्तकाखाली ठेवावे, म्हणजे सुरकुत्या पडत नाहीत.

हे सगळेही जमणार नसेल, तर एक फार सोपा प्रकार सांगते. काळा कागद घ्या. पेन्सिलीचे बोथट टोक पांढऱ्या पोस्टर रंगात बुडवून त्यावर ठिपके द्या, दाट नकोत, मोजके. झाली संक्रांतीची चंद्रकळा! हेच ठिपके हलव्याचेही वाटतात. खरा हलवा मात्र पाकिटात घालू नका. टपालाच्या शिक्क्याखाली त्याचा चुरा होईल.

पाकीटही घरीच होते. ए-फोर कागदातून २१ सेंटिमीटरचा चौरस कापा. तो समोर चौकटच्या एक्क्यासारखा टोकावर ठेवा, मधोमध कार्ड आडवे ठेवा, आणि चारी बाजूंनी दोन मिलिमीटर सोडून घड्या घाला. आधी डावी-उजवी टोके आत, मग खालचे टोक वर चिकटवायचे. वरचे टोक शेवटी. उरलेली पट्टी ठसे तपासायला उपयोगी पडते.

आता राहिले आतले लिहिणे, आणि खरे अवघड काम तेच. जुने भांडण तिथे उकरू नये. चूक कुणाची, हेही लिहू नये. ‘उत्तर जरूर पाठवा’ असा आग्रह धरू नये. दोघांना ठाऊक असलेली एखादी खरी, चांगली आठवण एका वाक्यात लिहावी: विहिरीवरचा पेरू, आईच्या हातची गुळाची पोळी, असे काही. खाली चार शब्द, आणि आपले घरातले नाव.

घरात मूल असेल, तर त्याला एक कार्ड स्वतंत्र करू द्या, आणि त्याचा वाकडा पतंग सरळ करायला जाऊ नका. महायुद्धानंतर यित्का साम्कोव्हा या चेकोस्लोव्हाकियातल्या सात वर्षांच्या मुलीने, मिळालेल्या मदतीबद्दल आभार म्हणून एक चित्र काढले. कागद नव्हता, म्हणून तिने ते काचेवर रंगवले. युनिसेफने १९४९ साली आपले पहिले भेटकार्ड काढले, ते याच चित्राचे. मुलाच्या हातची रेघ किती दूर जाते, हे आपण आधी सांगू शकत नाही.

कार्ड आठ दिवस आधी टपालात टाका. उशीर झालाच, तरी खंत नको. आपल्याकडे तिळगूळ रथसप्तमीपर्यंत चालतो. उत्तर येईल की नाही, हे त्या माणसावर सोडून द्यावे. आपल्या बाजूने बोलणे सुरू झाले, एवढे पुरे. आणि एक ठसा कोरला, की तो दहा वर्षे टिकतो. या संक्रांतीला उत्तर आले नाही, तर पुढच्या संक्रांतीला शाई तेवढी नवी घ्यावी लागेल.