कांशाची वाटी आणि निळी कुपी

गिरगांवांतील जुन्या चाळींत कांशाची वाटी हें एके काळीं घरगुती औषधच होतें. दिवसभर राबलेल्या माणसाच्या तळपायांस रात्रीं तूप लावावें आणि वाटीनें ते घासावेत, असा परिपाठ असे. तळवे काळे पडले, कीं वडील माणसें म्हणत, "उष्णता निघाली!" वस्तुतः तो काळेपणा तूप, घाम आणि घर्षण यांचा धातूवर परिणाम होऊन येतो. कांसें म्हणजे सुमारें ७८ भाग तांबें व २२ भाग कथील.

आतां अशाच एखाद्या घरांतील नात दादरच्या दुकानांतून निळ्या द्रवाची कुपी आणते आणि साठी उलटलेल्या आजीस सांगते, "यांत तांबें आहे. रोज लाव, सुरकुत्या जातील." किंमत ऐकून आजी विचारते, "तांबें तर माझ्या वाटींतहि आहे. मग या कुपींत अधिक काय?"

प्रश्न रास्त आहे. वाटींतील तांबें धातुरूप असतें. कुपींतील तांबें एका सूक्ष्म प्रथिनखंडास जखडलेलें असतें. ग्लायसीन, हिस्टिडीन व लायसीन या तीन अमिनो आम्लांची ही सांखळी अमेरिकेंतील लोरेन पिकार्ट यांनीं १९७३ सालीं मानवी रक्तद्रवांत दाखवून दिली. तांब्याशीं तिचा संयोग झाला, कीं रंग निळा येतो. १९८८ सालीं फ्रान्समधील संशोधकांस असें आढळलें, कीं प्रयोगशाळेंत वाढविलेल्या पेशी या संयुगामुळें कोलॅजेन अधिक तयार करतात. कोलॅजेन म्हणजे त्वचेचा जणूं ताणाबाणा. वयाबरोबर तो विरत जातो. त्याचे धागे एकमेकांस बांधणाऱ्या विकरासहि तांब्यावांचून काम करतां येत नाहीं.

परंतु कांचेच्या बशींतील पेशी निराळ्या आणि आजीचा गाल निराळा. त्वचेचा वरचा थर हा शरीराचा तट आहे. त्यांतून असा पदार्थ फार थोडा आंत जातो. माणसांवरील चांचण्या लहान व थोड्या काळाच्या आहेत. त्वचा किंचित् मऊ व घट्ट होईल, याहून मोठें वचन त्यांवरून देतां येत नाहीं. उन्हापासून रक्षणाचा पुरावा मात्र भक्कम आहे. ऑस्ट्रेलियांत ५५ वर्षांखालील ९०३ माणसांवर साडेचार वर्षें चाललेली चांचणी २०१३ सालीं प्रसिद्ध झाली. रोज ऊन-रोधक मलम लावणाऱ्यांत त्वचेचें वार्धक्य इतरांपेक्षां २४ टक्क्यांनीं कमी दिसलें. म्हणून पेन्शनींतील पैसा कुपीवर घालण्यापूर्वी छत्री व असें मलम यांचा विचार आधीं व्हावा.

कुपी आणलीच, तर प्रथम हाताच्या आंतल्या बाजूस थोडा द्रव लावून दोन दिवस वाट पाहावी. क-जीवनसत्त्वाच्या द्रवाबरोबर ती एकाच वेळीं लावूं नये. तांब्यामुळें तें जीवनसत्त्व निकामी होऊं शकतें. मधुमेहानें पाय बधिर झाले असतील, तर वाटीचें घासणेंहि वर्ज्य करावें. न भरणारी जखम किंवा रूप बदलणारा तीळ यांवर मात्र वाटीहि नको आणि कुपीहि नको. १९२६ पासून रुग्णसेवा करणारें के. ई. एम. रुग्णालय परळला आहे. तेथें त्वचारोगांचा स्वतंत्र विभाग आहे. तेथें किंवा जवळच्या डॉक्टरांकडे वेळींच जावें.

इतकें उमगल्यावर नातीनें कुपी फळीवर ठेवली आणि रात्रीं ती वाटी घेऊन आजीच्या पायांशीं बसली, तर तिचें कांहींच चुकलें नाहीं. वाटीनें सुरकुत्या जात नाहींत, हें दोघींसहि ठाऊक असेल. पाय हलके होतील आणि आजीस झोंप लागेल, एवढें पुष्कळ झालें.