उतारवयांतील सोबत

मनुष्य नोकरींतून निवृत्त होतो त्या दिवशीं त्याला हारतुरे मिळतात आणि भरपूर वेळहि मिळतो. परंतु त्याच दिवशीं रोज न बोलावतां भेटणारीं माणसें त्याला अंतरतात. पुढें मुलें परगांवीं जातात, समवयस्क एकेक करून निघून जातात, आणि कोणाच्या अध्यांत ना मध्यांत असें जगणें हळूहळू अंगवळणीं पडतें. पुष्कळ जण यालाच शांति समजतात. वस्तुतः हा प्रकृतीला धोका होय.

अमेरिकेंतील संशोधकांनीं २०१० सालीं १४८ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले. त्यांत तीन लक्षांहून अधिक माणसें होतीं. ज्यांचे स्नेहसंबंध बळकट, त्यांची अभ्यासकाळांत हयात राहण्याची शक्यता इतरांहून सुमारें ५० टक्के अधिक आढळली. हार्वर्ड विद्यापीठांत १९३८ सालीं आरंभिलेल्या दीर्घ अभ्यासांतहि, पन्नाशींत आप्तेष्टांविषयीं समाधानी असलेले पुरुष ऐंशींत अधिक निरोगी आढळले.

माणसांतून उठून जाण्याचें कारण नेहमीं स्वभावच असतो असें नाहीं. पुष्कळदां तें कानांत असतें. ऐकूं कमी येऊं लागलें म्हणजे वृद्ध मनुष्य भलतेंच उत्तर देतो, लोक हंसतात, आणि तो पुन्हां बैठकीकडे फिरकत नाहीं. घरचे म्हणतात, 'आजोबा अलीकडे अबोल झाले.' 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानें २०२४ सालीं स्मृतिभ्रंशाचा धोका वाढविणारीं, पण आटोक्यांत आणतां येण्याजोगीं १४ कारणें सांगितलीं. त्यांत बहिरेपण आणि एकटेपण हीं दोन्ही आहेत. तेव्हां श्रवणयंत्र ही चैन नव्हे.

तथापि नुसती गर्दी म्हणजे सोबत नव्हे. भरल्या घरांतहि आजीला एकटें वाटतें, कारण सर्वजण तिची काळजी घेतात, पण तिला कांहीं विचारीत कोणीच नाहीं. माणसाला दुसऱ्याच्या उपयोगीं पडावयाचें असतें. महर्षि धोंडो केशव कर्वे यांनीं १९३६ सालीं, वयाच्या ७८व्या वर्षीं, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठीं मंडळ काढलें आणि १९४४ सालीं समता संघ स्थापिला. त्यांच्या १०४ वर्षांच्या आयुष्याचें श्रेय केवळ लोकसंग्रहाला देतां येणार नाहीं. परंतु त्यांची उत्तरायुष्याचीं वर्षें रिकामीं गेलीं नाहींत, हें निश्चित.

स्नेह हा विरजणासारखा असतो. रोज थोडें बाजूला काढून ठेवलें तरच उद्यांचें दहीं लागतें. वडीलधाऱ्यांनीं सायंकाळीं बागेंतील कट्ट्यापर्यंत जावें, शेजारच्या मुलाचें गणित पाहावें. आणि तरुणांनीं आजीला लोणच्याचें प्रमाण विचारावें, व ती सांगेल तें लिहून घ्यावें.