आठ मीटरवर उभं राहून बघा: बाईकचा हेडलाइट घरच्या घरी सुधारताना

(आजच्या भागाचं शब्दांकन. जसं बोललो तसंच जवळपास ठेवलंय.)

बाईक चालवता चालवता ऐकत असाल, तर आधी गाडी बाजूला घ्या. भाग कुठे पळून जात नाही.

आजचा विषय तुम्हीच दिलेला आहे, हेडलाइट. मेसेज साधारण एकाच साच्यातले येतात: ‘दादा, लाइट फार कमी पडतो. कुठला एलईडी टाकू?’ याचं उत्तर आजच देणार आहे, पण शेवटी. आधी तुमच्या हातात मल्टीमीटर द्यायचाय.

मी जुहूत राहतो. जुहू तारा रोडवर रात्री दोन वाजताही एवढा उजेड असतो, की हेडलाइट गेला तरी दोन दिवस पत्ता लागणार नाही. इथे हेडलाइटचं काम मुख्यतः आपण दिसावं एवढंच. पण गणपतीला बाईकवरून कोकणात निघालात, की पनवेल मागे पडल्यावर हळूहळू दिवे विरळ होतात आणि कशेडी घाटाकडे पोचेपर्यंत तुमच्याजवळ तुमचा स्वतःचा उजेड तेवढा उरतो. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. खड्डा दिसला, मेंदूने दखल घेतली, हात ब्रेकवर गेला, यातच सेकंद-दीड सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच १७ ते २५ मीटर संपले. त्यामुळे जास्त उजेड हवा ही मागणी शंभर टक्के रास्त आहे. ‘स्टॉकच ठेवा’ असं सांगायला मी बसलेलो नाही.

मात्र उजेड कमी पडतोय म्हणजे बल्बच कमजोर, हे कशावरून? ऑफिसात एखादं ॲप स्लो चाललं तर आपण पहिल्याच दिवशी नवा सर्व्हर मागत नाही. आधी वेळ कुठे जातोय ते मोजतो. इथेही तेच करायचं. उजेड तीन ठिकाणी हरवतो: वायरिंगमध्ये, काचेत-रिफ्लेक्टरमध्ये, आणि चुकीच्या कोनात.

पहिलं वायरिंग. लॅमिंग्टन रोडला साधा डिजिटल मल्टीमीटर घ्या, ऑनलाइन मिळतो तोही चालेल. इंजिन चालू, डिप्पर चालू. आधी बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज घ्या. मग हेडलाइटच्या मागे, बल्ब लावलेलाच ठेवून, कपलरच्या मागच्या बाजूने प्रोब घालून घ्या. बल्ब काढून मोजलंत तर करंटच वाहणार नाही आणि सगळं छान दिसेल. माझ्या साडेतीनशे सीसीच्या गाडीवर बॅटरीला १३.८ व्होल्ट होते आणि बल्बला १२.१. मधले १.७ व्होल्ट रस्त्यातच गेले.

१.७ म्हणजे फार नाही, असं वाटतं ना? इथेच गंमत आहे. फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. व्होल्टेज १२ टक्क्यांनी कमी झालं की उजेड जवळपास एक तृतीयांशाने घटतो. बल्ब चांगला, बॅटरी चांगली, तरी उजेड दोन तृतीयांश!

हे व्होल्ट जातात कुठे? बऱ्याच गाड्यांत हेडलाइटचा पूर्ण करंट बॅटरीतून निघून किल्लीच्या स्विचमधून, मग हँडलवरच्या अप्पर-डिप्परच्या बटणातून, मग दोन-तीन कपलरमधून बल्बपर्यंत जातो. ५५ वॉटचा बल्ब साडेचार अँपिअरच्या वर खेचतो. वाटेत ०.३ ओहम एवढाच अडथळा असला तरी सव्वा-दीड व्होल्ट गेलेच.

आणि आपल्याकडे त्यात समुद्राची भर. जुहू, वर्सोवा, मढ, जिथे खारं वारं लागतं तिथे तांब्यावर हिरवट थर चढतो. परत येणारी अर्थची वायर जिथे चासीला बोल्टने लावलेली असते तिथे गंज धरतो. म्हणून प्लसची बाजू आणि अर्थची बाजू वेगवेगळी मोजा. माझ्याकडे १.३ व्होल्ट प्लसच्या वाटेत जात होते आणि ०.४ अर्थमध्ये. अर्थचा बोल्ट काढला, पॉलिश पेपरने जागा चकचकीत केली, डायइलेक्ट्रिक ग्रीस लावलं. वीस मिनिटांचं काम, खर्च जवळपास शून्य.

प्लसच्या बाजूला उपाय म्हणजे रिले. रिले म्हणजे करंटने चालणारा स्विच. जुनं बटण आता बल्बला करंट देत नाही, फक्त रिलेला इशारा देतं. बल्बला करंट जातो तो बॅटरीतून थेट, जाड वायरने. डिप्परला एक आणि अप्परला एक, असे दोन रिले. तयार हार्नेस मिळतो. मूळ कपलर त्यात बसतो, कंपनीची एकही वायर कापावी लागत नाही. तसाच घ्या.

लावताना चार गोष्टी. एक, बॅटरीचं मायनस टोक आधी काढायचं. दोन, फ्यूज बॅटरीच्या जवळ हवा. वायर कुठेही घासून चासीला टेकली तरी आग लागता कामा नये. तीन, रिलेचं तोंड खाली, म्हणजे पावसाचं पाणी आत साचत नाही. चार, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, वायर ताणली जात नाही ना. हे सगळं झाल्यावर माझ्याकडे बल्बला १३.५ व्होल्ट आले. बल्ब तोच. गणिताने उजेड आधीच्या जवळपास दीडपट.

एक सावधगिरी. काही जुन्या कम्यूटर गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर नसतोच, इंजिनच्या कॉइलमधून थेट एसीवर चालतो. ओळखायचं कसं? इंजिन बंद केल्यावर हेडलाइट लागत नाही आणि रेस दिली की उजेड वाढतो. अशा गाडीला बॅटरीवरून रिले टाकलात तर चार दिवसांत बॅटरी बसेल. तिथे आधी चांगल्या इलेक्ट्रिशियनला विचारा. आणि गाडी वॉरंटीत असेल तर कुठलीही वायर हलवण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

दुसरं, काच आणि रिफ्लेक्टर. बाहेरची काच प्लास्टिकची असेल तर उन्हाने पिवळी, धुरकट होते. ती पॉलिशने बरीच सुधारते. आतला रिफ्लेक्टर मात्र फडक्याने पुसू नका. त्यावर ॲल्युमिनियमचा अगदी पातळ थर असतो, घासलात की निघाला. हवा मारून धूळ काढा. काळा पडला असेल तर बदला. आणि नवा हॅलोजन लावताना त्याच्या काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल तापतं आणि बल्ब लवकर जातो. टिश्यू वापरा.

तिसरं, कोन. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सपाट जागा बघा, भिंतीपासून ८ मीटरवर गाडी उभी करा. टायरमध्ये हवा बरोबर, आणि कुणीतरी सीटवर बसलेलं हवं. हेडलाइटच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने मारा. डिप्परच्या उजेडाची वरची कड त्या खुणेच्या साधारण ८ सेंटीमीटर खाली यायला हवी. कड वर असेल तर समोरच्याच्या डोळ्यात, फार खाली असेल तर तुमचा उजेड पुढच्या चाकाशी. डबलसीट गेलात की मागचं सस्पेन्शन बसतं आणि फोकस आपोआप वर उचलला जातो. नेहमी डबलसीट जात असाल तर दोघं बसूनच सेट करा.

आता येऊ या एलईडीवर.

एच-फोर हा दोन फिलामेंटचा हॅलोजन बल्ब. त्याच्या डिप्परच्या फिलामेंटखाली एक छोटी धातूची वाटी असते. त्या वाटीमुळे उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या भागावर पडतो आणि तिथून खाली रस्त्यावर येतो. समोरच्याचे डोळे वाचतात ते या वाटीमुळे आणि फिलामेंट मिलिमीटरच्या हिशोबात नेमक्या जागी असल्यामुळे. रिफ्लेक्टरचा सगळा आकार त्या एका जागेसाठी बनवलेला असतो.

तिथे तुम्ही एलईडी बसवता. त्यातल्या चिप दोन बाजूंना, मध्ये पट्टीची जाडी, आकार वेगळा. उजेड भरपूर निघतो, पण रिफ्लेक्टरला कळत नाही तो कुठून आला. मग तो सगळीकडे फेकला जातो: झाडांवर, पाट्यांवर आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात. चालवणाऱ्याला वाटतं, वा, काय उजेड! कारण पुढचे दहा मीटर लखलखीत होतात. पण जवळचं फार उजळलं की लांबचं उलट कमी दिसतं. डब्यावरचे लुमेन म्हणजे एकूण उजेड किती, तो पडतो कुठे हे त्यात येत नाही.

१०० वॉटच्या हॅलोजनचंही सांगून टाकतो. करंट जवळपास दुप्पट, वायर तापते, होल्डर वितळतो. नकोच.

आमच्या सोसायटीत एक काका आहेत, वय ६४. चाळीस वर्षं स्कूटर चालवली. हल्ली अंधार पडल्यावर काढत नाहीत. म्हणतात, ‘रस्ता दिसतो रे, पण समोरून तो पांढरा लाइट आला की काहीच दिसत नाही.’ वय वाढतं तसं डोळे दिपल्यावर सावरायला जास्त वेळ लागतो. ताशी ४० ला दोन सेकंद डोळे दिपले म्हणजे २२ मीटर माणूस आंधळेपणी गाडी चालवतो. त्या २२ मीटरमध्ये जुहू कोळीवाड्यातून पहाटे टोपली घेऊन निघालेली मावशी असू शकते. आणि २०१७ च्या एप्रिलपासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनबरोबर आपोआप लागतो, बंद करायचं बटणच नाही. म्हणजे जे लावाल ते सतत सगळ्यांच्या तोंडावर.

कायदाही नेमकं हेच बघतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १०६ सांगतो, की डिप्पर असा हवा की दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा आहे त्याला तो दिपवणार नाही. शिवाय कलम ५२ आणि २०१९ च्या दुरुस्तीत आलेलं कलम १८२अ आहे. परवानगी नसलेला बदल केला तर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. जर्मनीत हॅलोजनच्या जागी बसणाऱ्या एलईडी बल्बला पहिली मंजुरी २०२० मध्ये मिळाली, तीही तपासलेल्या ठरावीक मॉडेलपुरतीच. बल्ब एकटा पास होत नाही, त्या दिव्यासकट पास व्हावा लागतो.

मला नियम १०६ फार आवडतो, कारण तो घरी करता येतो. टेप घ्या. ८ मीटर, अर्धा मीटर, दीड मीटर. मित्राला सीटवर बसवा आणि तुम्ही तिथे डोळे नेऊन उभे राहा. अँड्रॉइडवर लक्स मोजायचं फुकट ॲप असतं. त्याचा आकडा खरा मानू नका, पण आधीचा आणि नंतरचा आकडा ताडून बघा. आम्ही एका मित्राच्या गाडीवर आधी हॅलोजन आणि मग एलईडी लावून हे केलं. ॲप उघडायची गरजच पडली नाही. एलईडीला मी तोंड फिरवलं. मग सीटवर मी बसलो आणि तो तिथे जाऊन उभा राहिला. त्याने त्याच रात्री बल्ब बदलला.

तर, कुठला एलईडी टाकू? तुमच्या मॉडेलसाठी कंपनीनेच एलईडीचा पूर्ण हेडलाइट दिला असेल आणि तो तुमच्या गाडीला मंजूर असेल, तर तो अख्खा बदला. बाहेरून मागवलेला आख्खा दिवा घेताना बघा, की तो डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीसाठी आहे ना. उजव्या बाजूच्या देशांसाठी बनवलेल्या बऱ्याच दिव्यांत उजेड उजवीकडे वर उचललेला असतो, म्हणजे आपल्याकडे थेट समोरच्याच्या डोळ्यात. हे काहीच शक्य नसेल तर चांगला ६०/५५ चा हॅलोजन, स्वच्छ अर्थ, दोन रिले आणि बरोबर कोन. गाडीला ३५/३५ असेल तर ३५/३५ च ठेवा.

या रविवारी एवढंच करा. बॅटरीचं व्होल्टेज, बल्बचं व्होल्टेज, मध्ये किती गेलं ते लिहा आणि गाडीच्या मॉडेलसकट मला पाठवा. बरेच आकडे आले तर पुढच्या भागात सगळे मांडून बघू, कुठल्या गाडीत किती गळतं ते. चला, भेटू. आणि शहरात अप्पर मारू नका रे!