आधी जमिनीवर आखा, मग ठरवा

(करंजाडे येथे झालेल्या कार्यकर्ते व देणगीदारांच्या मेळाव्यातील भाषण. थोडे संक्षिप्त करून देत आहोत.)



मघाशी तुमच्या हातांत दोन कागद दिले. वाडीवरच्या कातकरी कुटुंबांसाठी आपण जी तयार भागांची, म्हणजे प्रीफॅब, घरं उभी करणार आहोत, त्यांचे ते दोन नकाशे आहेत. यातला कोणता घ्यायचा हे आज ठरवायचं, असं निमंत्रणात लिहिलं होतं. मी विनंती करायला उभा आहे, की आज ते ठरवू नका.

याचं कारण माझीच एक चूक आहे. नोकरीत असताना मी साइटवर सुपरवायझर होतो, त्यामुळे नकाशा आपल्याला कळतो असा माझा समज. काही वर्षांपूर्वी एका कुटुंबाचं घर मीच कागदावर बसवलं. दोन खोल्या, आत ओटा, आत संडास. पुढच्या पावसाळ्यात गेलो तर घरात लाकडं, जाळी आणि कोंबड्या. माणसं शेजारी ताडपत्रीखाली. मी विचारलं, "आजी, घरात का राहत नाही?" त्या म्हणाल्या, "चूल कुठं पेटवू? आन् भिजलेलं लाकूड कुठं ठेवू?" घर पक्कं होतं, पण त्यांच्या दिवसाला त्यात जागाच नव्हती.

विटांच्या घरात अशी चूक थोडीफार दुरुस्त होते. गवंडी असतो, भिंत फोडून दार काढता येतं. तयार घराचं तसं नाही. दार-खिडक्या कुठं हे कारखान्यातच ठरतं, भाग तसेच कापून येतात आणि जागेवर बोल्टनं जोडले जातात. म्हणून काम झपाट्यानं होतं, आणि म्हणूनच ऑर्डर गेल्यावर बदल महाग पडतो. विचार करायचा तो आधीच.

आता ते कागद पाहा. सिमेंट बोर्ड 8 फूट बाय 4 फुटांचा मिळतो, म्हणून मापं चाराच्या पटीत धरली आहेत, कापाकापीत माल वाया जाऊ नये. दोन्ही घरं 24 बाय 12, म्हणजे 288 चौरस फूट. सरकारी घरकुलाला किमान 25 चौरस मीटर, म्हणजे साधारण 269 चौरस फूट लागतात. तेवढं दोन्हींत बसतं.

पहिल्या नकाशात 8 बाय 12 च्या तीन खोल्या आहेत आणि मागच्या खोलीत न्हाणी-संडास. कागदावर हा भरगच्च दिसतो. दुसऱ्यात 16 बाय 12 ची एक मोठी खोली, 8 बाय 12 चं स्वयंपाकघर, मागे वेगळी न्हाणी व संडास, आणि पुढे 16 बाय 8 ची पडवी. पहिल्यात एक खोली जास्त आहे, हे खरं. पण खर्च भिंतींचा असतो. पडवीला भिंत नाही. खांब, पत्रा आणि खाली कोबा एवढंच. आतली एक भिंत वाचवली की पडवीच्या खर्चाला तेवढाच हातभार लागतो.

पडवी म्हणजे चैन नव्हे. कातकरी घरात ती बैठक आहे, पाहुण्याची झोपायची जागा आहे, जाळं विणायची आणि पावसात लाकूड सुकं ठेवायची जागा आहे. आपल्याकडे वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. त्या चार महिन्यांत अंगण नसतंच. पडवी हेच अंगण.

आता चुलीबद्दल. गॅस आला तरी सिलिंडर भरायला दर वेळी पैसे नसतात, चूल राहणारच. काही तयार पॅनेलांच्या पोटात फोम असतो. उष्णता अडवायला तो चांगला, पण ठिणगीजवळ धोक्याचा. म्हणून नकाशा कोणताही निवडा, चुलीमागची भिंत विटांची आणि वर धूर जायला वाट, ही अट पुरवठादाराला लेखी घाला.

वाऱ्याचंही सांगतो. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात रायगडात किती पत्रे उडाले ते आपण पाहिलंय. पडवीचा पत्रा घराच्या पत्र्याला सलग जोडू नका. वेगळा ठेवला तर वाऱ्यानं पडवी उचलली तरी घरावरचं छप्पर राहतं. पावसाचा मारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो, म्हणून पडवीचं तोंड शक्यतो पूर्वेला. आणि जोतं किमान दोन फूट. करंजाडेत गाढी नदीच्या शेजारी राहणाऱ्यांना त्याचं कारण सांगायला नको.

तुम्ही म्हणाल, हे सगळं तुम्हाला कळतंय, तर मग तुम्हीच ठरवा. तिथंच आपण चुकतो. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागात नवी गावं वसली. जमीन किती यावरून 250, 400 आणि 750 चौरस फुटांची घरं ठरली. घरं मजबूत झाली, पण सरळ रस्ते आणि रांगेतली घरं अशा रचनेत वाड्याचा चौक, गुरांची जागा, भावकीची शेजारआळी हरवली. अलीकडची इर्शाळवाडी घ्या. 19 जुलै 2023 च्या रात्री दरड कोसळली. वाचलेली ठाकर कुटुंबं आधी चौकजवळ कंटेनरमध्ये राहिली, मग सिडकोनं त्यांच्यासाठी 44 घरं बांधली. कंटेनर संकटात डोक्यावर छप्पर देतो. पण पत्र्याच्या पेटीत उन्हाळा काढणं काय असतं, ते आत राहणाऱ्यालाच विचारावं.

आणि लांब कशाला जायचं? विमानतळासाठी घर सोडून वडघर-करंजाडेत आलेली कुटुंबं या सभागृहातही बसली आहेत. ओटी, परसू, दारातलं झाड यांची किंमत तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

कातकरी ही आपल्या राज्यातल्या तीन आदिम जमातींपैकी एक. 2023 च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या जनमन योजनेत अशा कुटुंबांना घरासाठी 2 लाख रुपये हप्त्यांनी मिळतात. आपण वर घालतो ती भर. म्हणजे मुळात घर त्यांच्या हक्काचं आहे, आपण मदतनीस. ज्या वाड्या खासगी जमिनीवर आहेत, तिथं आधी जागेचा कागद, मग नकाशा. हा क्रम मोडू नका.

वेळ मात्र थोडा आहे. दिवाळी झाली की ही कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातील, ती पावसाच्या तोंडावर परततील. ते गेल्यावर आपण ऑर्डर दिली, तर नकाशा पुन्हा आपलाच होईल.

म्हणून एवढंच करा. येत्या रविवारी वाडीवर या. बरोबर दोरी, खुंट्या आणि चुन्याची पिशवी आणा. दोन्ही नकाशे खऱ्या मापात जमिनीवर आखू. तीन दगड मांडून चूल ठेवू, हंडे ठेवू, खाट टाकू. बायकांना त्यात फिरू द्या, बसू द्या, भांडू द्या. रात्री सहा माणसं कुठं झोपतील, पोरगी न्हायला कुठं जाईल, सासू कुठं बसेल, हे त्या दाखवतील. पुरुषांना शेवटी विचारू. आणि आपण त्या दिवशी कमी बोलू. मी तर नक्कीच.

कदाचित त्या पहिला नकाशा घेतील. मला पडवी आवडते म्हणून त्यांनी ती घ्यावी असं नाही. कदाचित तिसराच आखतील. तो आखला, तर तोच कारखान्यात जाईल.

त्या आजींच्या घराला आम्ही नंतर एका बाजूला पत्रा टाकून चूल बाहेर घेतली. त्या आता घरात झोपतात. पण त्यांचे दोन पावसाळे ताडपत्रीखाली गेले, ते माझ्यामुळे. या खेपेला तसं होऊ नये.