जुनी सायकल आणि नवा रंग

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी बोलायला सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले होते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषण करण्याची सवय नाही. परंतु त्या म्हणाल्या, "भाषण नको. तुम्ही दुपारी दारात बसून जे करता तेच सांगा." म्हणून आज मी लोणच्या-पापडाविषयी न बोलता जुन्या सायकलींविषयी बोलणार आहे. कोणाला हसू आले तर खुशाल हसावे. आमच्या घरीही प्रथम सगळे हसलेच होते.

माझे माहेर सातारा जिल्ह्यातले. गावातली शाळा सातवीपर्यंत आणि हायस्कूल सहा किलोमीटरवर. घरात ॲटलासची एक काळी सायकल होती. पहाटे तिच्यावरून दुधाच्या किटल्या डेअरीत जात आणि नंतर माझा भाऊ तिच्यावरून हायस्कुलात जाई. मुलीला एकटी पायी पाठवायची नाही असे घरात ठरले आणि माझी शाळा तिथेच संपली. वडिलांना मी दोष देत नाही. दुसरी नवी सायकल घेण्याची त्यांची ऐपत नव्हती. मात्र तालुक्याच्या गावी जुन्या सायकली विकायला असत, त्यातली एखादी आणून नीट करून घ्यावी, हे कोणाच्या मनात आले नाही. माझ्याही आले नाही.

ते मनात यायला २०२० साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या मार्चमध्ये लोकलगाड्या बंद झाल्या आणि सर्वसामान्य माणसांना त्या २०२१ च्या फेब्रुवारीपर्यंत मोकळ्या झाल्या नाहीत, हे आपणा सर्वांना आठवत असेलच. आमचा थोरला तेव्हा बोरिवलीला औषधांच्या दुकानात नुकताच लागला होता. रोज रिक्षाने जायचे तर निम्मा पगार त्यातच जाणार. नवी सायकल परवडेना. तेव्हा ओळखीतून एक जुनी रेसर सायकल दोन हजार रुपयांना मिळाली.

रेसर म्हणजे खाली वाकलेल्या हँडलची, बारीक चाकांची, वजनाला हलकी सायकल. दूधवाल्याची सायकल ओझे वाहायला असते, ही वेगाने लांब जायला असते. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या आत पुरी केली. ती याच जातीच्या सायकलींवर.

आमच्या सायकलीचा रंग पार गेला होता. मला घर रंगवायची हौस पहिल्यापासून आहे. मी म्हटले, "रंगाचे माझ्याकडे लागले." घासताना पुढच्या बाजूला, हँडलची उभी नळी आणि खाली उतरणारी नळी जिथे जोडली जाते तिथे, केसासारखी बारीक रेघ मला दिसली. मला वाटले ओरखडा आहे. भिंतीच्या भेगेत भरतो तशी मी तिच्यात लांबी भरली, पॉलिश पेपर मारला आणि वर सुरेख निळा रंग दिला. सायकल अशी दिसू लागली की शेजारच्या वहिनी विचारायला आल्या, कितीला घेतली म्हणून.

दोन महिन्यांनी लिंक रोडवर एका खड्ड्यात चाक आपटले आणि सायकल नेमकी त्या रेघेवर तुटली. मुलाच्या गळ्याचे हाड मोडले. डोक्याला लागले नाही, ही देवाची कृपा. दीड महिना तो घरी होता आणि त्या काळात पगार नाही. ज्याने सायकल विकली त्याला ती रेघ ठाऊक होती की नाही, मी सांगू शकत नाही. पण मी तर ती डोळ्यांनी पाहिली होती, आणि माझ्याच हातांनी झाकली होती. हे मी आजवर मंडळात कोणाला सांगितले नव्हते.

त्यानंतर मी आमच्या सेक्टरजवळच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात गेले. तिथल्या चाचांना ती तुटलेली फ्रेम दाखवली. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "बाई, रंग सगळ्यांत शेवटी." मी म्हटले, "मग आधी काय ते शिकवा." दुपारची भांडी आवरली की तासभर मी तिथे जाऊन बसू लागले. येणारे-जाणारे पाहत असत. चार दिवसांनी पाहायचे थांबले.

आता चाचांकडून आणि स्वतःच्या चुकांतून जे शिकले ते सांगते.

सायकल विकत घ्यायला जाताना फ्रीजवर चिकटवतो तो लोहचुंबक पर्समध्ये ठेवावा. तो फ्रेमला चिकटला तर सायकल लोखंडी, म्हणजे स्टीलची. न चिकटला तर बहुधा ॲल्युमिनियमची. फार महाग सायकलींत कार्बनचीही असते. स्टीलचा सांधा उकलला तर जाणता कारागीर तो पुन्हा जोडू शकतो. ॲल्युमिनियमची नळी तडकली तर कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडून जोडून घेऊ नये. त्या उष्णतेने आजूबाजूचा धातू कमजोर होतो. अशी फ्रेम भंगारातच द्यावी. स्टीलच्या नळीवर एखाद्याच जागी चुंबक ढिला धरला, तर तिथे खाली लांबी भरलेली आहे असे समजावे. माझ्यासारखी दुसरीही एखादी असू शकते!

मग सायकल उलटी करून पाहावी. पुढच्या नळीच्या पोटाला, सांध्याजवळ, रंगाला सुरकुती किंवा फुगवटा असेल तर ती समोरून धडकलेली आहे. पुढचा चिमटा बाजूने पाहावा. तो मागे दबलेला असला तर हात जोडून परत यावे. पॅडलच्या खाली फ्रेमवर बहुधा नंबर ठोकलेला असतो. तो खरवडलेला असेल तर सायकल चोरीची असण्याचा संभव असतो. स्वस्त मिळते म्हणून ती घेऊ नये, आणि कोणाकडूनही घेताना जुनी पावती किंवा निदान लिहून दिलेली चिठ्ठी मागावी.

चाक उचलून फिरवावे. ते डुलत असेल तर भिऊ नये, तारा आवळून सरळ होते. हे काम मी अजून चाचांनाच देते. चेन मात्र आपली आपण मोजता येते. लोखंडी पट्टी घ्यावी. एका पिनेपासून मोजून २४ कड्या पुढची पिन बरोबर १२ इंचांवर यायला हवी. अर्धा दोरा, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, पुढे गेली तर चेन बदलावी. पुरा एक दोरा पुढे गेली तर चेनने दातेही खाल्लेले असतात आणि खर्च वाढतो. म्हणून भाव ठरवण्याआधी मोजावे.

टायरच्या बाबतीत मी एकदा फसले. जुन्या काळ्या सायकलीचे २८ इंची टायर रेसरच्या चाकाला बसेल असे वाटले होते. ते बसत नाही. दोन्हींचे घेर वेगळे असतात. टायरच्या अंगावर २८-६२२ असा आकडा छापलेला असतो. त्यातला ६२२ हा चाकाच्या मापाचा आणि २८ हा टायरच्या रुंदीचा. मागचा आकडा जुळलाच पाहिजे. पुढचा, फ्रेममध्ये जागा असेल तर, थोडा मोठा घ्यावा. आपल्या खड्ड्यांना आणि पेव्हरब्लॉकना २३ चे बारीक टायर सोसत नाही.

खोलताना एक लक्षात ठेवावे. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. मी पहिल्या दिवशी ते सोडवायच्या ऐवजी पंधरा मिनिटे आवळतच होते. छर्रे बशीत काढावेत, मोजावेत, पुसावेत, आणि नव्या ग्रीसमध्ये बसवावेत. चेनला तेल थेंबाथेंबाने द्यावे आणि वरचे पुसून घ्यावे. रिमला व ब्रेकच्या रबराला तेलाचा हात मुळीच लावू नये. ब्रेकच्या केबली जुन्या दिसल्या तरी चालतात असे म्हणून ठेवू नयेत. आपला चारकोप खाडीकाठी आहे. इथल्या खाऱ्या हवेत केबल आतून गंजते आणि वरून कळत नाही.

हे सगळे झाले की मग रंग. सायकल संपूर्ण सुटी करावी. आटे आणि छर्र्यांच्या जागा चिकटपट्टीने झाकाव्यात. जुना रंग पाण्याच्या पॉलिश पेपरने घासावा, आधी २२० नंबरचा आणि मग ४०० चा. कार्बनच्या फ्रेमला रंग उतरवायचे रसायन लावू नये. घासताना प्रत्येक सांधा उजेडात धरून पाहावा. तडे असतील तर ते याच वेळी दिसतात. स्टीलला रेड ऑक्साईडचे प्रायमर चालते. ॲल्युमिनियमवर ते टिकत नाही, त्याला वेगळे प्रायमर मागून घ्यावे. प्रायमरचे दोन हात, रंगाचे तीन, आणि प्रत्येक हात पातळ. एकाच वेळी जाड मारला की ओघळ येतो. पावसाळ्यात रंग देऊ नये, ओल धरून तो पांढुरका पडतो. तसेच स्प्रेचा डबा घरात, गॅसजवळ कधीही वापरू नये. गच्चीवर जावे आणि नाका-तोंडाला नीट मास्क बांधावा.

आपल्या चारकोपकरांना हे निराळे सांगायला नको. १९८५ च्या जागतिक बँकेच्या योजनेतून म्हाडाने इथे प्लॉट आणि सोयी दिल्या आणि घर ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे बांधले. ज्यांनी पाया नीट केला त्यांनी पुढे वर मजला चढवला. ओल्या भिंतीवर रंग फासला त्यांच्याकडे दर श्रावणात पोपडे पडतात. सायकलीचे तेच आहे. फरक इतकाच की पोपडे पडल्याने कोणाचे हाड मोडत नाही.

माझ्या वहीतला एका सायकलीचा हिशेब देते. सायकल २,०००, दोन टायर-ट्यूब १,८००, चेन ४५०, केबली व ब्रेकरबर ४००, प्रायमर व रंग ७००, चाके सरळ करण्याची मजुरी ३००. एकूण ५,६५० रुपये. त्यात माझ्या आठ दुपारी धरलेल्या नाहीत. अशा आजवर अकरा सायकली माझ्या हातून गेल्या. पहिली नीट केलेली आमच्या मुलाचीच. ती मी स्वतः चाचांसमोर तीनदा तपासली, तेव्हा कुठे त्याच्या हाती दिली. तो गेल्यावर दार लावून रडले, हेही सांगून टाकते.

आता एक अवघड गोष्ट. दोन वर्षांपूर्वी आपल्यातल्याच एका ताईंनी मोठ्या मनाने आपल्या मुलाची सायकल एका मुलीसाठी दिली. घरकामाला येणाऱ्या एका मावशींची ती मुलगी, आठवीत गेलेली. ताईंची इच्छा होती की मी ती गुलाबी रंगवावी आणि हळदीकुंकवाच्या दिवशी द्यावी. मी पाहिले तर चिमटा वाकलेला. मी नाही म्हटले. ताईंना वाटले मी त्यांच्या दानाला नावे ठेवते. चार महिने त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मलाही वाईट वाटले, पण गरिबाच्या मुलीला दिलेली सायकल आपल्या मुलाला देऊ तितकीच भक्कम नको का? पुढे ताईंनीच दुसऱ्या चिमट्याचे पैसे दिले. ती मुलगी आता दहावीत आहे आणि त्याच सायकलीने शाळेत जाते. सायकल गुलाबी नाही. तिने हिरवा रंग मागितला.

मुलीला सायकल मिळणे म्हणजे काय, हे सरकारलाही कळलेले आहे. आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. ते ३,५०० होते, २०२२ साली ५,००० झाले. तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१-९२ च्या सुमारास साक्षरतेच्या चळवळीबरोबर खेड्यातल्या हजारो बायका सायकल चालवायला शिकल्या. तिथल्या कलेक्टरही एक बाईच होत्या, शीला राणी चुंकत. मी माहेरी सातवीची परीक्षा दिली ती साधारण त्याच काळात. हे वाचले त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही.

भगिनींनो, आपल्या सोसायट्यांच्या जिन्याखाली जाऊन पाहा. मुले मोठी झाली, मोटारसायकली आल्या, आणि धूळ खात पडलेली सायकल दिवाळीच्या सफाईत भंगारवाल्याला किलोवर दिली जाते. तसे करण्याआधी चिटणीसबाईंकडे नाव नोंदवावे. मी येऊन पाहीन. काहींना मी नाही म्हणेन, त्याचा राग मानू नये. ज्या चांगल्या निघतील त्या आपण मंडळातर्फे दुरुस्त करून, गरज असेल त्या मुलींना देऊ. मला दोन-तीन जोडीदारणी हव्या आहेत. हात काळे होतात, पण साबणाने ते निघतात.

आणि ज्यांना सायकल येत नाही त्यांनी लाजू नये. मी बेचाळिसाव्या वर्षी पहाटे सहाला मैदानात जाऊन शिकले. मुलाने मागून धरले होते. त्याने हात कधी सोडला ते मला समजले नाही. दोनदा पडले. तिसऱ्या दिवशी पडले नाही.