जर्मनींतील दुकानदार आणि आपला ग्राहक

परदेशीं राहावयास निघालेल्या मनुष्यास तेथील थंडीची, अन्नाची व भाषेची कल्पना इष्टमित्र आगाऊ देतात. दुकानांत कसें वागावें आणि तेथें कशा वागणुकीची अपेक्षा ठेवावी, हें मात्र त्यास सहसा कोणी सांगत नाहीं. वस्तुतः परक्या समाजाशीं त्याचा रोजचा संबंध येतो तो प्रथम दुकानांतच. आणि मनास पहिली जखम होते तीही पुष्कळदां तेथेंच. ज्या श्रोत्यांचीं मुलें आज जर्मनींत शिकत आहेत, त्यांनीं असे प्रसंग पत्रांतून वा दूरध्वनीवरून ऐकले असतील.

मराठी विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर आपला वाणी असतो. तो घरची माणसें ओळखतो, सामान घरीं पोंचवितो, प्रसंगीं रक्कम वहींत मांडून ठेवतो. जर्मन दुकानांत गल्ल्यावरील बाई बसल्या जागेवरून एकेक जिन्नस झपाट्यानें पुढें सारते. पिशवी भरणें हें ग्राहकाचें काम. पिशवीही त्यानेंच आणावयाची. तो गोंधळला कीं मागची रांग अस्वस्थ होते. बाईच्या चेहऱ्यावर हास्य नसतें, आणि विद्यार्थी मनाशीं म्हणतो, ‘माझा रंग पाहून ही अशी वागली.’

हा निष्कर्ष घाईचा असण्याचा संभव मोठा आहे. शेजारच्या जर्मन आजीबाईंनाही तीच बाई तितक्याच त्वरेनें वाटेस लावते. उलट, पाववाल्याच्या लहान दुकानांत शिरतांना ‘गूटन टाग’ म्हणण्याची तेथें रीति आहे. नवागत मुकाट्यानें शिरून एकदम बोटानें पाव दाखवितो. तेव्हां उद्धट कोण ठरला, याचा विचार त्याच्या मनांत येत नाहीं.

खाणावळींतही असेंच घडतें. जेवण आटोपून बराच वेळ झाला तरी बिल येत नाहीं, म्हणून तो चिडतो. परंतु न मागतां बिल पुढें ठेवणें म्हणजे पाहुण्यास उठावयास सांगणें, अशी तेथील समजूत आहे. बक्षिसीही मेजावर ठेवून निघून जाण्यापेक्षां पैसे देतांनाच रक्कम थोडी वाढवून सांगण्याची चाल आहे.

रविवारीं तर बहुतेक सारीं दुकानें बंद असतात. औषधांचीं दुकानें पाळीनें उघडीं राहतात. रेल्वे स्थानकांवरील दुकानें व पेट्रोल पंप यांसही सवलत आहे. या बंदीमागें आळस नाहीं, कायदा आहे. १९१९ च्या वायमार राज्यघटनेनें रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून संरक्षिला, आणि १९४९ च्या घटनेनें तें कलम जसेंच्या तसें स्वीकारलें. १९५६ सालीं दुकानें बंद करण्याच्या वेळांचा स्वतंत्र कायदा झाला. २००६ मध्यें हा अधिकार घटक राज्यांकडे गेला. बर्लिननें नाताळापूर्वींचे चारही रविवार दुकानांस मोकळे केले, तेव्हां २००९ सालीं घटना न्यायालयानें ती तरतूद घटनेविरुद्ध ठरविली. गल्ल्यावरील बाईसही घर आहे, ही गोष्ट तेथें ग्राहकाच्या सोयीहून लहान मानलेली नाहीं.

वॉलमार्ट या अमेरिकन कंपनीनें १९९७ मध्यें जर्मनींत प्रवेश केला आणि २००६ सालीं आपलीं ८५ दुकानें विकून ती तेथून परतली. अपयशाचीं कारणें अनेक होतीं; स्थानिक स्वस्त दुकानांची स्पर्धा त्यांत मोठी होती. परंतु दारांत उभें राहून केलेलें स्वागत आणि नोकरांचें ठरवून दिलेलें हास्य हीं तेथील ग्राहकांस कृत्रिम वाटलीं, असेंही सांगितलें जातें.

मग ग्राहकास मिळतें काय? त्यास हक्क मिळतो. नवी वस्तु सदोष निघाल्यास विक्रेता सामान्यतः दोन वर्षें जबाबदार असतो, आणि २०२२ पासून पहिल्या वर्षांत दोष मुळांतला नव्हता हें विक्रेत्यानें सिद्ध करावें लागतें. मात्र निर्दोष वस्तु केवळ आवडली नाहीं म्हणून दुकानानें परत घ्यावी, असा सरसकट हक्क नाहीं. तेव्हां आर्जव अथवा आरडाओरड करण्यापेक्षां पावती जपून ठेवणें अधिक उपयोगी पडतें.

याचा अर्थ तेथें भेदभाव नसतोच, असा नव्हे. इतरांस दिलेली वस्तु वा सेवा वंशामुळें नाकारली गेली, तर २००६ च्या समान वागणुकीच्या कायद्याचा आधार घेतां येतो, आणि तो अवश्य घ्यावा. पण रुक्षपणा निराळा आणि अपमान निराळा. हा भेद ज्यास कळला नाहीं, तो प्रत्येक दुकानांतून दुखावून बाहेर पडतो आणि हळूहळू खोलीचें दार लावून बसूं लागतो.

ज्यास तो कळला, तो कांहीं महिन्यांनीं पाववाल्याकडे शिरतांना आपणच प्रथम अभिवादन करतो. सुटींत घरीं आल्यावर रात्रीं उशिरा सामान पोंचवावयास आलेला वाण्याचा पोऱ्या त्यास दारांत दिसतो. ‘तुला सुटी कोणत्या दिवशीं असते?’ असें तो त्यास पहिल्यांदाच विचारतो.