रक्तवाहिनीची गोधडी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली. डॉक्टरांसारखे बोलणे मला जमायचे नाही. मुलीच्या पुस्तकात वाचले आणि स्वयंपाकघरात पाहिले, तेवढेच सांगते.

हृदयाकडून रक्त नेणाऱ्या नळीला रोहिणी म्हणतात आणि परत आणणारीला नीला. (आपल्या मंडळातल्या दोन्ही रोहिणीताईंनी रागावू नये.) बोकडाचे हृदय धुताना वर एक पांढरी जाड नळी दिसते. ती दाबून सोडली की पुन्हा गोल होते. शेजारची पातळ नळी मात्र ओल्या फडक्यासारखी चपटी पडून राहते. ज्यांच्या घरी हे चालत नाही त्यांनी क्षमा करावी, पण मला चित्रापेक्षा यातूनच अधिक उमगले.

दोन्हींची भिंत तीन थरांची, गोधडीसारखी. आतले अस्तर एका पेशीच्या जाडीचे, गुळगुळीत, रक्त न अडकता सरकावे असे. मधला थर स्नायूंचा व लवचीक तंतूंचा. रोहिणीत हाच जाड. बाहेरचा थर चिवट, नळीला जागेवर धरणारा. महारोहिणीची भिंत सुमारे २ मिलिमीटर जाड. तिला स्वतःला रक्त पुरवायला भिंतीतच बारीक वाहिन्या असतात! उलट केशवाहिनीला नुसते अस्तर. त्यातूनच प्राणवायू आणि अन्नरस पेशींना मिळतो.

हृदयाचा ठोका पडला की महारोहिणी फुगते आणि मग आकसून रक्त पुढे ढकलते. म्हणून हृदय विसावते त्या क्षणीही रक्त वाहतच असते. वयाबरोबर ही भिंत कुकरच्या जुन्या रिंगसारखी कडक होते आणि रक्तदाबाचा वरचा आकडा चढतो.

माझ्या मोठ्या जाऊबाईंना असाच दाब निघाला. महिनाभर गोळ्या घेतल्या आणि "मला काही दुखत नाही, कशाला रोज औषध?" म्हणून बंद केल्या. आमची मोसंबीची बाग ठिबकवर आहे. मी म्हटले, "अक्का, नळीत क्षार साचतात तेव्हा नळी ओरडते का? झाड सुकले की मगच कळते ना?"

एक फरक आहे. क्षार नळीच्या पोकळीत बसतात. चरबी मात्र अस्तराखाली, भिंतीतच मुरते. दाब, मधुमेह आणि तंबाखू यांनी अस्तर दुखावले की तिला वाट मिळते. मिश्रीही तंबाखूच, इथे कोण लावते ते मी विचारत नाही. पुढे तिथले अस्तर फाटले की रक्ताची गुठळी होते. हृदयाच्या रोहिणीत झाली तर झटका, मेंदूच्या रोहिणीत झाली तर लकवा.

नीलांचे दुखणे निराळे. त्यांची भिंत पातळ, आतला दाब कमी, म्हणून पायांतल्या नीलांना रक्त खाली येऊ नये यासाठी झडपा असतात. बाळंतपणे झालेल्या आणि तासन्‌तास ओट्याशी उभ्या राहणाऱ्या आपल्यापैकी कित्येकींच्या पोटऱ्यांवर निळ्या गाठी दिसतात, त्या या झडपा निकामी झाल्याच्या. चालताना पोटरीचे स्नायू नीलेला पिळून रक्त वर चढवतात. म्हणून एका जागी उभे राहण्यापेक्षा चार फेऱ्या मारलेल्या बऱ्या, आणि निजताना पायांखाली उशी.

अक्कांनी डॉक्टरांना विचारून गोळ्या पुन्हा सुरू केल्या आहेत. लोणच्याची फोड मात्र अजून ताटातून गेलेली नाही. त्यावर आम्हां दोघींचा वाद चालूच आहे.